पेशीय ध्रुवता (फळमाशीतील)

पेशीला वर-खाली, पुढे-मागे अशा दिशा असतात आणि त्यांप्रमाणे तिच्या भागांची रचना व कामे वेगळी होतात. याला पेशीय ध्रुवता म्हणतात. फळमाशीच्या (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) वाढीत ही ध्रुवता कोणती जनुके ठरवतात, हा विकासजीवशास्त्रातला फार बारकाईने तपासलेला विषय आहे.

आधी नावाचा घोळ सोडवायला हवा. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला फळमाशी म्हटले की आंबा-पेरूत अंडी घालणारी, कामगंध सापळ्यात अडकणारी माशी आठवते. ती बॅक्ट्रोसेरा, तिचे कूळच वेगळे. प्रयोगशाळेतली फळमाशी म्हणजे आपले चिलट. द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या वाइनरीबाहेर पडलेल्या चोथ्यावर किंवा फळगाडीखालच्या काळ्या पडलेल्या केळ्यावर दिसते तेच. लांबी जेमतेम ३ मिमी, डोळे लाल, आणि खरी भूक सडत्या फळावरच्या यीस्टची. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून उडती माशी व्हायला साधारण १० दिवस पुरतात, त्यामुळे एका सत्रातही तिच्या कित्येक पिढ्या पाहून होतात.

दिशा ठरायला सुरुवात होते ती आईच्या पोटातच. अंडाशयात १६ पेशींचा एक गट तयार होतो. त्यातली एक अंडपेशी होते, उरलेल्या १५ तिला पोसतात. अंडपेशी ‘गुर्केन’ या जनुकाच्या प्रथिनामार्फत मागच्या बाजूच्या पुटक पेशींना (अंडपेशीभोवती आवरण करणाऱ्या पेशींना) खूण देते, त्या उलट निरोप पाठवतात, आणि मग अंडपेशीतल्या सूक्ष्मनलिकांची मांडणी बदलते. या नलिका म्हणजे मालवाहतुकीचे रूळ. ‘बायकॉइड’ जनुकाचा आरएनए पुढच्या टोकाला जाऊन बसतो, ‘ऑस्कर’चा मागच्या. पुढे बायकॉइडचे प्रथिन डोक्याकडे दाट आणि शेपटीकडे विरळ होत जाते, आणि त्या दाटपणावरून भ्रूणाला डोके कुठे करायचे ते कळते. हा चढउतार १९८८ मध्ये दाखवला गेला. आईतच हे जनुक बिघडलेले असेल तर तिच्या पिल्लांना डोके आणि छातीच येत नाही. पिल्लाचे स्वतःचे जनुक ठणठणीत असले तरी काही उपयोग होत नाही.

अंड्यातले केंद्रक आधी भराभर विभागतात, मधे भिंती नसतात. सुमारे ३ तासांनी भिंती पडून ६,०००च्या आसपास पेशींचा एक थर तयार होतो. आता प्रत्येक पेशीला वरची आणि खालची बाजू लागते. कांदा डोळ्यांसमोर आणा: एका टोकाला पात, दुसऱ्याला मुळे. पेशीच्या वरच्या बाजूला ‘बझूका’ व ‘क्रम्ब्स’ यांची प्रथिने आणि एपीकेसी हे विकर असते. कडेला आणि खाली ‘स्क्रिबल’, ‘डिस्क्स लार्ज’, ‘लेथल जायंट लार्व्ही’ यांची. दोन्ही टोळ्या एकमेकींना आपल्या हद्दीतून हुसकतात. वरचे विकर खालच्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवते आणि ती आवरणावरून सुटतात. मधली सीमा ठरते ती या ढकलाढकलीतून. खालच्या तिघांपैकी एक जरी गेले तरी अळीच्या ऊतींत थर मोडतो आणि गाठी वाढतात. म्हणून या जनुकांकडे अर्बुदरोधक म्हणूनही पाहतात.

ध्रुवतेचा आणखी एक प्रकार मात्र डोळ्यांनी दिसतो. मेलेल्या चिलटाचा पंख काचपट्टीवर ठेवून कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पंखभर बारीक केस, प्रत्येक पेशीचा एकच, आणि सगळ्यांची टोके पंखाच्या टोकाकडे, नीट शाकारलेल्या कौलांसारखी. याला समतलीय ध्रुवता म्हणतात. इथे प्रत्येक पेशीत ‘फ्रिझल्ड’ आणि ‘डिशेव्हल्ड’ ही प्रथिने टोकाकडच्या कडेला जमतात, ‘व्हॅन गॉग’ आणि ‘प्रिकल’ बुडाकडच्या. ‘फ्लेमिंगो’ दोन्ही कडांना असते आणि शेजारच्या पेशीच्या फ्लेमिंगोशी हात मिळवते. एकीचे फ्रिझल्ड शेजारणीच्या व्हॅन गॉगसमोर येते, आणि असे पेशीमागून पेशी. केस उगवतो तो फ्रिझल्डच्या कडेला.

१९८७ मध्ये विन्सन आणि अ‍ॅडलर यांनी पंखात मधेच फ्रिझल्ड नसलेल्या पेशींचा ठिपका तयार करून पाहिला. बिघाड ठिपक्यापुरता राहिला नाही. त्याच्या पलीकडच्या, टोकाकडच्या निरोगी पेशींचे केससुद्धा उलटून ठिपक्याकडे वळले. कुंभमेळ्याच्या गर्दीत रामकुंड मागच्यांना दिसत नाही, शेजारच्याच्या खांद्यावरून माणूस वाट ओळखतो. मधे एक टोळके उलट तोंड करून उभे राहिले की त्यामागचेही भांबावतात. उपमा पूर्ण लागू पडत नाही, कारण व्हॅन गॉग काढून टाकले तर बिघाड विरुद्ध दिशेला, बुडाकडच्या शेजाऱ्यांत पसरतो. पण दिशा एकेकट्या पेशीला वरून मिळत नाही, शेजारणीशी जुळवून घेऊन ठरते, हे दोन्ही प्रयोगांत दिसते. (नावांबद्दल एक: माशीवाले जनुकाला बिघाडाच्या रूपावरून नाव देतात. व्हॅन गॉग हे नाव पंखावरच्या केसांच्या भोवऱ्यांमुळे. गुर्केन म्हणजे जर्मनमध्ये काकड्या, अंडी तशी लांबट होतात म्हणून.)

डोळ्यातही हीच जनुके लागतात. माशीचा एकेक डोळा सुमारे ७५० छोट्या डोळ्यांचा बनलेला असतो, आणि त्यांतल्या प्रत्येकाला ९० अंश फिरावे लागते, वरच्या अर्ध्यात एका बाजूला, खालच्या अर्ध्यात दुसऱ्या.

भ्रूणरचनेची कितीतरी जनुके १९८०च्या सुमारास हायडेलबर्गला क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी हजारो बिघडलेल्या माश्या तपासून वेगळी काढली. १९९५ चा वैद्यकाचा नोबेल त्यांना एडवर्ड लुइस यांच्यासह मिळाला.

माणसात यांचे नातलग आहेत. क्रम्ब्सच्या मानवी आवृत्तीत दोष असेल तर डोळ्याचा पडदा हळूहळू झिजून दृष्टी जाते. उंदरात व्हॅन गॉगचे नातलग जनुक बिघडले की मज्जानलिका (भ्रूणातली नळी, जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात) मिटत नाही, आणि आतल्या कानातल्या पेशींवरचे केसांचे झुबके भलत्याच दिशांना तोंड करतात.