एलियस, फंक्शन आणि पायथनचे आभासी वातावरण: पार्श्वभूमी

टर्मिनलवर पायथनचे काम करणाऱ्या बहुतेकांच्या शेलच्या (टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आरंभ-फाइलमध्ये दोन-चार एलियस (आज्ञांना दिलेली छोटी नावे) आणि एखादे फंक्शन (एका नावाखाली बांधलेल्या आज्ञा) असतेच. त्यांचा इतिहास मात्र पायथनहून जुना आहे.

लांब आज्ञेला छोटे नाव देण्याची सोय बिल जॉय यांनी बर्कली येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या सी शेलमुळे रुळली. १९७९ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बॉर्न यांच्या शेलमध्ये एलियस नव्हते आणि फंक्शनही नव्हते. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने दोन्ही एकत्र आणले आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिलेल्या बॅश या शेलने तीच वाट धरली. सी शेलमध्ये एलियसला दिलेला शब्द आज्ञेच्या मधोमध बसवता येई. बॅशमध्ये नावाच्या जागी ठरलेला मजकूर येतो आणि पुढचे शब्द शेवटी जोडले जातात, एवढेच. म्हणूनच बॅशची नियमपुस्तिका जवळपास प्रत्येक कामासाठी फंक्शनला पसंती देते.

पायथनच्या जगात शेल फंक्शनचे महत्त्व खऱ्या अर्थाने वाढले ते २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र आभासी वातावरण बनवणारे व्हर्च्युअलएन्व्ह हे साधन आणल्यावर. प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवून नुसत्या नावाने त्याच वातावरणातील पायथन चालवायचा, तर चालू शेलचे पाथ (आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) बदलावे लागते आणि युनिक्समध्ये नव्याने सुरू केलेली प्रक्रिया आपल्या जनक प्रक्रियेचे पर्यावरण (पाथसारखी तिची मूल्ये) बदलू शकत नाही. त्यामुळे वातावरण सुरू करणारी ॲक्टिव्हेट ही फाइल नेहमीच्या प्रोग्रामसारखी चालवून उपयोग नसतो, ती सोर्स करावी लागते, म्हणजे तिच्यातील आज्ञा चालू शेलमध्येच चालवाव्या लागतात. वातावरणातून बाहेर पडण्यासाठी आपण जे डीॲक्टिव्हेट टंकतो, ते डिस्कवर शोधूनही सापडत नाही, कारण तो प्रोग्राम नसून ॲक्टिव्हेटने चालू शेलमध्ये तयार केलेले फंक्शन आहे. डग हेलमन यांच्या व्हर्च्युअलएन्व्हरॅपर या जोडसाधनाने हीच युक्ती पुढे नेली: त्यातील वातावरण सुरू करणारे वर्कऑन हेही शेल फंक्शनच, आणि त्याला प्रकल्पाचे नाव दिले की काम भागते. २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर तेच काम करणारे व्हेन्व्ह पायथनच्याच प्रमाण संचात आले, तरी वातावरण सुरू करण्यासाठी सोर्स करण्याची गरज तशीच राहिली.

एलियसचे एक दुखणे याच इतिहासातून आले आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. पायथन २ आणि ३ शेजारी-शेजारी नांदत होते त्या काळात अनेकांनी 'पायथन' या नावाला पायथन ३ च्या पूर्ण पत्त्याचा एलियस दिला. एलियसचा विस्तार पाथमधील शोधाच्या आधी होतो. त्यामुळे वातावरण सुरू करूनही, प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टंकण्याच्या ओळीच्या सुरुवातीला) त्याचे नाव दिसत असतानाही, प्रत्यक्षात प्रणालीचाच पायथन चालतो आणि नुकतेच बसवलेले पॅकेज सापडत नाही. अशा वेळी टाइप ही आज्ञा पायथनच्या नावासह चालवावी. ते नाव एलियस आहे की खरी फाइल, हे ती लगेच सांगते. एलियसमध्ये पूर्ण पत्त्याऐवजी नुसते 'पायथन३' हे नाव लिहिले, तर शोध पुन्हा पाथमधूनच होतो आणि वातावरणातील पायथन मिळतो.