किमयेचं पितळ आणि जावरची वांगी

2025 च्या मे महिन्यात बातमी आली की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाचं सोनं झालं. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात ती पडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. खाली लगेच दोन उत्तरं आली. पहिलं काकांचं, अपेक्षितच होतं: "हे आपल्या रसशास्त्रात हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय." दुसरं इंजिनिअर भाच्याचं: "रसशास्त्र, किमया वगैरे सगळी शुद्ध भोंदूगिरी होती." रसशास्त्र म्हणजे पारा आणि धातूंवरची आपली जुनी विद्या, आणि किमया म्हणजे साध्या धातूचं सोनं करायची खटपट. दोन्ही उत्तरं वाचून मी चिडलो, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यावर जरा जास्तच.

आधी बातमीचा निकाल लावू. शिशाच्या अणुकेंद्रात 82 प्रोटॉन असतात, सोन्याच्या 79. शिशाची अणुकेंद्रं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांना न आपटता अगदी निसटती गेली, तर त्यांच्या प्रचंड विद्युतक्षेत्राच्या धक्क्याने एखाद्यातून तीन प्रोटॉन उडतात आणि उरतं ते सोन्याचं केंद्र. 2015 ते 2018 या काळात अशी सुमारे 8,600 कोटी केंद्रं तयार झाली. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण त्या सगळ्यांचं वजन भरतं 29 पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातले 29. तीही केंद्रं क्षणार्धात यंत्राच्या भिंतींवर आपटून फुटली. नथीतला मोतीसुद्धा गुंफता येणार नाही.

मुशीत, म्हणजे धातू तापवायच्या मातीच्या भांड्यात, कोळशावर हे कधीच होणार नव्हतं. भट्टीत जे काही घडतं ते अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीतून घडतं. केंद्रातला एक प्रोटॉन उपटायला लागणारी ऊर्जा त्या देवघेवीच्या दहा लाख पटींच्या घरातली असते. तेव्हा सर्नचा आणि रसशास्त्राचा संबंध जोडणाऱ्या काकांचा मुद्दा इथेच संपला.

भाच्याचं उत्तर मात्र इतक्या लवकर संपत नाही. कारण जुन्या ग्रंथांत तांब्याचं सोनं झाल्याचं लिहिलंय, आणि ते लिहिणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी काहीतरी पिवळंधमक पाहिलं होतं हे नक्की. रसार्णव या ग्रंथात म्हटलंय की रसकाबरोबर तांब्याला तीन पुटं दिली, म्हणजे तीनदा भट्टीत तापवलं, की त्याचं सोनं होतं, यात नवल ते काय! रसक म्हणजे जस्ताचं खनिज. तांबं आणि जस्त एकत्र आलं की होतं पितळ. त्या काळी धातूची ओळख प्रामुख्याने रंगावरून पटायची. धातू 'रंगवता' येतो, त्या क्रियेला रंजन म्हणायचे. तांबूस धातू पिवळा झाला म्हणजे तो सोन्याच्या वाटेला लागला, असं मानणं म्हणजे फसवणूक नव्हे. ते चुकीचं गृहीतक होतं. आपल्याकडे पितळ उघडं पडतं ते लबाडाचं. किमयागाराचं पितळ त्याला स्वतःलाही पितळ म्हणून ठाऊक नसे.

जाता जाता एक शब्दाची गंमत. किमया हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. त्याच अरबी 'अल्-किमिया'तून युरोपात आल्केमी आणि पुढे केमिस्ट्री आली. आपण मात्र शाळेत शिकतो ते रसायनशास्त्र. रसशास्त्रात रस म्हणजे पारा. जादूला आपण किमया म्हणतो आणि विज्ञानाला पाऱ्याचं नाव देतो.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे, म्हणजे जस्ताकडे. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याची पूड आम्लात टाकून हायड्रोजनचे बुडबुडे काढले, घरातल्या जस्ती बादलीवर ज्याचा मुलामा असतो, तोच हा साधा करडा धातू. पण याला खनिजातून बाहेर काढणं हे जुन्या धातुविद्येतलं फार अवघड काम होतं.

तांबं, शिसं, कथील यांचं तुलनेनं सोपं असतं. खनिज भाजून कोळशाबरोबर तापवायचं. कार्बन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वितळलेला धातू जड असल्याने तळाशी बसतो. जस्ताच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन ओढायला मात्र साधारण हजार अंशांच्या वर जावं लागतं, आणि जस्त उकळतं 907 अंशांना. म्हणजे हा धातू जन्मतो तोच वाफ होऊन. तळाशी बसायला तो थांबतच नाही. उघड्या भट्टीत ही वाफ वर जाते, हवेला भेटते आणि भकभक जळून पुन्हा ऑक्साइड होते: पांढरा, हलका, पिंजलेल्या कापसासारखा. युरोपातले किमयागार त्याला 'तत्त्वज्ञांची लोकर' म्हणायचे. मूस उघडून पाहावं तर आत काहीच नाही!

पितळ करणाऱ्यांनी यावर वाट काढली होती. तांब्याचे तुकडे, रसक आणि कोळसा एकाच मुशीत घालून तोंड बंद करायचं. आत तयार झालेली जस्ताची वाफ तांबं शोषून घेतं. कारागिराला पितळ मिळतं, पण आत जस्त नावाचा वेगळा धातू होता हे त्याला कळतही नाही. शतकानुशतकं जगाने असंच, जस्ताचं तोंड न पाहता, पितळ वापरलं.

जस्त सुटं पकडायचं असेल तर तीन गोष्टी एकाच वेळी जमायला हव्यात. एक, हवा आत येता कामा नये. दोन, नुसती हवा रोखून भागत नाही. कार्बन ऑक्सिजन घेतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड होतो, पण काही कार्बन डायऑक्साइडही असतो. आणि जस्ताची वाफ जरा थंड झाली की ती त्या डायऑक्साइडमधूनच ऑक्सिजन हिसकावते. ज्या क्रियेने जस्त मिळालं तीच उलटी फिरते. यावर उपाय म्हणजे कोळसा भरपूर, गरजेपेक्षा जास्त ठेवायचा. तापलेला कार्बन त्या डायऑक्साइडचं पुन्हा मोनॉक्साइड करत राहतो आणि जस्ताला ऑक्सिजन मिळत नाही. तीन, वाफेला झटकन थंड करायचं, पण फार नाही. जस्त 419 अंशांना वितळतं. वाफ 907 च्या खाली आणि 419 च्या वर, अशा खिडकीत आणून सोडली तर थेंब बनतात आणि एकमेकांत मिसळून ओघळतात. एकदम गार केली तर बारीक कण होतात, प्रत्येक कणावर ऑक्साइडची साय धरते, आणि हाती येते निळसर करडी पूड. ती कितीही तापवली तरी नीट एकजीव होत नाही. वाचक इथे जांभई देत असतील तर माफी, पण ही खिडकी लक्षात ठेवा. पुढची सगळी करामत तिचीच आहे.

रसरत्नसमुच्चय हा साधारण तेराव्या शतकातला ग्रंथ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमाने तो छापला. त्यात रसकाचं 'सत्त्व', म्हणजे आतला धातू, काढायची कृती आहे. रसकाबरोबर हळद, हिरडा, लाख, गूळ, टाकणखार वगैरे खलायचं, वांग्याच्या आकाराच्या मुशीत भरायचं. या मुशीचं नावच वृंताक मूषा, म्हणजे वांगं. तिला बारा अंगुळं लांब नळी, तोंडाशी धोतऱ्याच्या फुलासारखी पसरट. यादी वाचून कोणाला वाटेल की हळदीत काही दैवी गुण असावा. तसं काही नाही. हळद, गूळ, लाख हे सगळं तापलं की जळून कोळसा होतं, आणि तोही खनिजाच्या कणाकणाला चिकटलेला. हळद इथे फक्त कार्बन पुरवते. टाकणखार मळी वितळवायला.

मग येतं ते वाक्य, ज्यासाठी मी या ग्रंथाच्या प्रेमात पडलो. ज्योत निळी असते ती पांढरी झाली की मूस सांडशीत धरून उलटी करावी, नळी न मोडेल अशी जमिनीवर हलकेच आपटावी. कथलासारखं सत्त्व पडेल. निळी ज्योत कशाची? कार्बन मोनॉक्साइडची. पांढरी कशाची? नळीच्या तोंडापर्यंत पोचलेल्या जस्ताच्या वाफेची, जी हवेत जळून पांढरं ऑक्साइड होतेय. लिहिणाऱ्याला ना कार्बन मोनॉक्साइड ठाऊक, ना ऑक्सिजन. पण तो भट्टीपाशी बसला होता, ज्योतीचा रंग बदलताना त्याने पाहिला होता आणि कोणत्या क्षणी हात घालायचा हे त्याला नेमकं ठाऊक होतं. पोथीवरून पोथी उतरवणाऱ्याला ते सुचलं नसतं.

लगेच पुढे दुसरी रीतही आहे. पाण्याचं भांडं कोठीत, म्हणजे भट्टीत, पुरावं, त्यावर भोकं पाडलेली परळ ठेवावी, तिच्यावर मूस उलटी ठेवून वर निखारे घालून जोरात फुंकावं. सत्त्व खालच्या पाण्यात पडतं. आग वर, गारवा खाली, मधे भोकांची ताटली. आपण शाळेत ज्याला ऊर्ध्वपातन म्हणतो त्यात वाफ वर जाते. इथे ती खाली उतरवलीय. रसशास्त्रात याला अधःपातन म्हणतात. (अधःपतन वेगळं, त्याला भट्टी लागत नाही.)

ग्रंथातली गोष्ट ग्रंथातच राहिली असती तर भाचा म्हणाला असता, लिहायला काय जातंय. पण उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीच्या डोंगरात जावर नावाचं खाणींचं गाव आहे. तिथे 1983 मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून केलेल्या उत्खननात भट्ट्यांची अख्खी रांग सापडली. एका ओळीत सात भट्ट्या, प्रत्येकीत 36 मुशी, त्याही तोंड खाली करून उभ्या. मुशींचा आकार लांबट वांग्याचा. वर आगीची खोली, खाली थंड खोली आणि दोहोंच्या मधे भोकं असलेल्या भाजक्या मातीच्या फरश्या. ग्रंथातल्या 'परळे'चा हा कारखानी अवतार.

आता ती खिडकी आठवा. मुशीचं पोट आगीत, सुमारे 1100 ते 1200 अंशांत. तिची नळी फरशीच्या भोकातून खालच्या खोलीत. वाफेला बाहेर पडायला तोंड एकच, खाली. मागून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड तिला ढकलत नेतो आणि हवेला आत शिरू देत नाही. नळीत उतरताना ती 907 च्या खाली येते, पण वरच्या आगीची ऊब असल्याने 419 च्या वरच राहते. थेंब बनतो आणि खालच्या भांड्यात टपकतो. तापमापक नव्हता, नळी किती लांब आणि फरशी किती जाड यावर सगळं साधलेलं.

एक अडचण उरते. मूस उलटी केली तर आतला माल खाली सांडेल. त्यासाठी मालाच्या गोळ्या करून भरायच्या आणि मधोमध एक काडी उभी खोचायची, नळीतून बाहेर येईल अशी. उलटं करताना काडी माल धरून ठेवते. तापलं की गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि काडी जळून जाते. जिथे काडी होती तिथे वाफेला उतरायला पोकळ वाट तयार! हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही. नाव घेतलं जातं ते रसशास्त्राचा आद्य आचार्य मानल्या जाणाऱ्या नागार्जुनाचं.

युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याच्या पद्धतीचं पेटंट 1738 मध्ये घेतलं. त्याचीही वाफ खालीच उतरायची. 1746 मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफने जस्त वेगळं काढून त्याचं वर्णन केलं आणि पाठ्यपुस्तकांत शोधाचं श्रेय त्याच्या नावावर गेलं. तेव्हा जावर काही शतकं धूर ओकत होतं. चॅम्पियनने हे आपल्याकडून 'चोरलं' असं छातीठोक सांगणारे लेख फिरत असतात. तसा थेट पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. आणि चीनमध्येही जस्त निघत होतं, ते वाफ वर नेऊन. आपला अभिमान चोरीच्या आरोपावर का उभा करायचा, मला कळत नाही.

भाच्यासाठी एवढंच: रॉबर्ट बॉइल, ज्याच्या नावाचा नियम तू पाठ केलास, तो धातू बदलता येतात असं मानायचा. सोनं वाढवण्यावर इंग्लंडमध्ये 1404 पासून असलेली बंदी 1689 मध्ये उठली, ती उठावी म्हणून धडपडणाऱ्यांत तो होता. न्यूटनने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहिले, आणि 1696 पासून टांकसाळीच्या नोकरीत खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे लागला. उलट मध्य आशियातला विद्वान अल्-बिरुनी याने 1030 च्या सुमाराला भारताबद्दल लिहिताना, सोन्याच्या नादी लागलेल्या इथल्या राजांच्या हावेला अंत नाही अशी टिंगल केलीय. संशय घेणारे तेव्हाही होते आणि बुद्धिमान माणसं नादी तेव्हाही लागत होती.

काकांसाठीही एक आहे. इंटरनेटवर 'शुद्ध पारद गुटिका', म्हणजे पाऱ्याच्या घट्ट गोळ्या, मिळतात, गळ्यात घाला, दुधात बुडवा, वगैरे. पारा नेहमीच्या तापमानाला एकटा घट्ट होत नाही. कथील, चांदी असलं काही मिसळलं की होतो, आणि तरीही त्याची वाफ सुटत राहते. ती मेंदूला आणि मूत्रपिंडाला घातक असते. रसशास्त्राचा आदर करायला ती गुटिका दुधात बुडवायची गरज नाही.

जस्ताचा सुंदर वापर पाहायचा असेल तर बिदरला जा, किंवा आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात बिदरीकाम करणाऱ्यांकडे. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं, त्यात चांदीची तार ठोकून बसवलेली, मग किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर घातलेल्या पाण्यात उकळून जस्त काळं कुळकुळीत केलेलं. चांदी तशीच पांढरी राहते. जस्त सुटं हाती आल्याशिवाय ही कला जन्मालाच आली नसती.

जावरच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विझल्या. मूस एकदाच वापरता येई. आतला माल काढला की फेकून द्यायची, त्यामुळे गावाभोवती वापरलेल्या मुशींचे डोंगर साठले. गावकऱ्यांनी त्या विटांसारख्या रचून घरांच्या भिंती बांधल्या. आगीने बाहेरून काचेसारख्या झालेल्या, एकावर एक आडव्या ठेवलेल्या मातीच्या वांग्यांच्या त्या भिंती जावरच्या जुन्या वस्तीत अजून दिसतात.