पेसाचा ठराव भीमाकाठी चालत नाही

भीमेत वाळूउपसा वाढला की सोलापुरात एक मेसेज हमखास फिरतो: ‘पेसा कायदा आहे, ग्रामसभेनं ठराव करा, खाण बंद!’ परवा सात रस्त्याच्या टपरीवर एका काकांनी तो मला मोठ्यानं वाचूनही दाखवला.

काका, पेसा (1996) म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. तो फक्त राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांना लागू आहे. गडचिरोली, नंदुरबारकडे आहे. सोलापूर जिल्ह्यातलं एकही गाव त्यात नाही. पेसाच्या भागांतसुद्धा खाणीआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे ती गौण खनिजांना, म्हणजे वाळू, मुरूम, दगड यांना. लोहखनिज, बॉक्साइट त्यात येत नाही.

मग ओडिशातला नियमगिरी डोंगर बॉक्साइट खाणीपासून कसा वाचला? वनहक्क कायद्यानं (2006). तिथले डोंगरिया कोंध आदिवासी त्या डोंगराला देव मानतात. त्यांचे हक्क ग्रामसभांनीच तपासावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2013 मध्ये सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली आणि जानेवारी 2014 मध्ये केंद्रानं परवानगी नाकारली.

गंमत म्हणजे हा वनहक्क कायदा आपल्याकडेही लागू आहे. बिगरआदिवासींनाही दावा करता येतो, पण वनात तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. नदीपात्रातल्या वाळूसाठी मात्र तहसील कचेरीच गाठावी लागते.