डिप्लोडोकसच्या सांगाड्याची प्रतिकृती

डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनोसॉरच्या अस्सल जीवाश्मांवरून साचे घेऊन, त्यांत प्लास्टर ओतून आणि तयार झालेली हाडे लोखंडी आधारावर जोडून उभारलेला सांगाडा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा ‘डिप्पी’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय.

१८९९ मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत या प्राण्याची हाडे सापडली आणि उत्खननाचा खर्च उचलणारे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्यावरून १९०१ मध्ये जातीला ‘डिप्लोडोकस कार्नेगी’ हे नाव मिळाले. कार्नेगींच्या स्कॉटलंडमधील वाड्यात त्याचे चित्र पाहून राजा सातवा एडवर्ड याने ब्रिटनसाठी असाच सांगाडा मिळावा अशी इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रतिकृतीचा मार्ग निघाला. २९२ ओतीव हाडे ३६ पेट्यांतून लंडनला पोहोचली आणि १२ मे १९०५ रोजी सांगाड्याचे अनावरण झाले. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगींच्या संग्रहालयात मूळ हाडांचा सांगाडा उभा राहिला तो मात्र १९०७ मध्ये, म्हणजे प्रतिकृतीच्या दोन वर्षांनंतर. पुढे बर्लिन, पॅरिस, व्हिएन्ना, माद्रिद, ला प्लाता अशा शहरांनाही प्रती मिळाल्या.

प्रतिकृतीला कमअस्सल समजणे योग्य नाही. मुळात पिट्सबर्गचा सांगाडाही एकाच प्राण्याचा नाही; उणे भाग इतर नमुन्यांवरून भरले आहेत. शिवाय प्रतिकृतीत नव्या संशोधनानुसार बदल करता येतो: जमिनीवर टेकलेली डिप्पीची शेपटी १९९३ मध्ये हवेत उचलण्यात आली, कारण हे प्राणी शेपटी फरफटवत चालत नसत हे तोवर मान्य झाले होते. दुसऱ्या महायुद्धात हा सांगाडा सुटा करून तळघरात ठेवला होता. २०१७ मध्ये दालनातून हलवल्यावर २०१८ पासून तो ब्रिटनभर फिरला.

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांच्या दृष्टीने अशा प्रतिकृतींना विशेष महत्त्व आहे. पारसिक व येऊरचे डोंगर दख्खनच्या लाव्हाचे आहेत, आणि तप्त लाव्हारसात हाडे जपली जात नाहीत. महाराष्ट्रातील डायनोसॉरचे जीवाश्म मिळतात ते गाळाच्या खडकांत, उदाहरणार्थ गडचिरोलीतील सिरोंचा परिसरात आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे. तेही बहुतांशी सुट्या व तुटक्या हाडांच्या रूपात असल्याने, संपूर्ण प्राण्याची उंची, मानेची लांबी आणि पायांची ठेवण विद्यार्थ्यांना ओतीव सांगाड्यावरूनच नीट समजावून देता येते.