उष्णतेची तालीम: शर्यतीआधीचे 14 दिवस

27 सप्टेंबर 2019 रोजी दोहामध्ये जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी सुरू झाली. ऊन टाळायचे म्हणून ही वेळ. तरीही तापमान 32 अंशांच्या आसपास होते आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर. 68 धावपटूंपैकी 28 जणींना शर्यत पूर्ण करता आली नाही.

यात मोठा वाटा आर्द्रतेचा. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, त्यातली तीनचतुर्थांशाहून जास्त उष्णता होऊन बाहेर पडते. एक लिटर घाम वाळला की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता टपकतो. आणि टपकलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच गारवा देत नाही.

म्हणून तयारीसाठी 10 ते 14 दिवस, रोज 60 ते 90 मिनिटे उष्ण खोलीत व्यायाम करवतात. यातला खरा आकडा खोलीच्या तापमानाचा नाही, शरीराच्या आतल्या तापमानाचा आहे. पहिल्या अर्ध्या तासात ते 38.5 अंशांपर्यंत चढवायचे आणि मग तिथेच टिकवायचे. कधी सावकाश चालून, कधी नुसते बसून. नेहमीची चूक म्हणजे पहिल्या दिवशी ठरवलेला वेग शेवटपर्यंत तोच ठेवणे. पाचव्या-सहाव्या दिवशी शरीर सरावलेले असते, त्या वेगाला तापमान पुरेसे चढत नाही आणि पुढचे सगळे दिवस जवळपास वाया जातात. वेग वाढवत राहायलाच हवा. 39.5 अंशांना मात्र थांबायचे.

हे तापमान गुदमार्गातल्या तारेने किंवा गिळायच्या कॅप्सूलने मोजतात. कॅप्सूल काही तास आधी गिळावी लागते. ती पोटातच असली तर गार पाण्याच्या एका घोटाने आकडा खाली येतो. कपाळावरचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, कारण घामाने त्वचा थंड झालेली असते.

शरीरातले बदल एकदम होत नाहीत. पहिल्या तीन-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी होऊ लागतात. घाम लवकर सुटणे, जास्त येणे आणि त्यातले मीठ घटणे याला पुढचा आठवडा लागतो. पाच दिवसांचे शिबिर करून परतलेला खेळाडू म्हणूनच अर्धवट तयार असतो. आणि कमावलेले टिकतही नाही: उष्णता बंद झाली की दोन-तीन आठवड्यांत त्यातले बरेचसे जाते. तालीम शर्यतीला लागूनच संपवावी.

सत्राच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करावे. घटलेले वजन आणि प्यायलेले पाणी यांची बेरीज म्हणजे ढोबळमानाने घाम. एक किलो म्हणजे एक लिटर. वजन वाढलेले दिसले तर सावध व्हा. जास्त पाण्याने रक्तातले सोडियम पातळ होते. डोके दुखते, उलट्या होतात, माणूस गोंधळतो. ते पाहून आणखी पाणी पाजले तर जिवावर बेतू शकते.

उष्ण खोली नसेल तर गरम पाण्याचा टब चालतो. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये हे दाखवले: साध्या हवेत 40 मिनिटे धावून लगेच 40 अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत जास्तीत जास्त 40 मिनिटे, सलग सहा दिवस. सुरुवातीला एवढा वेळ सोसत नाही, तेव्हा आधीच बाहेर यावे. उठताना रक्त पायांत साचून चक्कर येते, त्यामुळे शेजारी कोणीतरी हवेच. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा मार्ग धरू नये.

  

एवढी तालीम होऊनही उष्माघात होऊ शकतो, विशेषतः अंगात ताप असताना धावले तर. आतले तापमान 40 च्या वर आणि बोलण्यात गोंधळ दिसला की रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून थांबू नका. माणसाला तिथेच बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत ठेवा, डोके धरून ठेवा, पाणी ढवळत राहा. न ढवळल्यास अंगालगतचा थर कोमट होतो. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरायला हवे. ते 39 च्या खाली येताच बाहेर काढा, कारण बाहेर आल्यावरही ते थोडा वेळ उतरतच राहते.