आफ्टरमार्केट टर्बो (गोवा) : बिघाड शोधणं

आफ्टरमार्केट टर्बो म्हणजे गाडी कंपनीतून आली तेव्हा जो नव्हता आणि नंतर मालकानं हौसेनं किट मागवून बसवून घेतला तो टर्बोचार्जर, किंवा मग कंपनीचा छोटा काढून त्याजागी घातलेला मोठा. गोव्यात अशा गाड्या मोजक्याच, पण आहेत. म्हापसा, पर्वरी, वेर्णा, मडगाव या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या गॅरेजात एखादी बॉनेट उघडं टाकून उभी असतेच, आणि बहुतेक वेळा तिचं निदान बघताक्षणीच झालेलं असतं: "पात्रांव, टर्बो गेलो." (मालक, टर्बो गेला.) ही नोंद त्या "गेलो"बद्दल आहे. टर्बो आपणहून क्वचितच जातो, त्याला कोणीतरी मारतं, म्हणजे तेल, धूळ, उष्णता नाहीतर वीस रुपयांची सैल क्लिप. आणि बऱ्याचदा तो मेलेलाच नसतो, आजारी दुसरंच काहीतरी असतं.

टर्बो करतो काय

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून दाबतो आणि इंजिनात कोंबतो. जास्त हवा, तिच्या मापानं जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, पण रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत टर्बो यायला १९६२ उजाडलं, तेव्हा अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉरवेअर टर्बोसकट विकायला आल्या. आपल्याकडे पेट्रोल टर्बोची चटक लावली ती २००० च्या दशकातल्या १.८ लिटरच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसनं, १५० पीएस तेव्हा भारीच वाटायचे.

दांडा मिनिटाला लाख-दीड लाख, छोट्या टर्बोत दोन लाखांच्याही वर फेरे मारतो, आणि साध्या बुशवाल्या (बुश म्हणजे दांडा पेलणारी धातूची नळी) टर्बोत तो धातूवर टेकलेला नसतोच, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. एका बाजूला ८००-९०० अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये चमचाभर तेल. ते तेल काही सेकंद जरी थांबलं तरी बुश गेले. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं.

आधी कान, मग पाना

स्कॅनर लावण्याआधी मालकाला विचारायचं की कधीपासून आणि काय केल्यावर. निम्म्या केसेस इथेच सुटतात, कारण "काही नाही केलं हो" म्हणणाऱ्यानं आदल्या आठवड्यात फिल्टर बदललेला असतो नाहीतर बॅटरी काढताना एक बारीक व्हॅक्यूम पाइप ओढला गेलेला असतो.

मग आवाज. एक्सलेटर दाबल्यावर फुस्स येत असेल आणि पिकअप मेला असेल तर दाबलेली हवा वाटेत कुठेतरी पळतेय. पाय उचलल्यावर कबुतर फडफडल्यासारखं छूछूछू होत असेल तर ब्लो ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे पाय उचलल्यावर दाबलेली हवा सोडून देणारी झडप, उघडत नाहीये, हवा उलटी पंख्यावर आदळतेय (पोरांना हा आवाज आवडतो, मुद्दाम करून घेतात, टर्बोला नाही आवडत). थंड इंजिनवर टिकटिक येते आणि गरम झाल्यावर कमी होते तर मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा नळ) चीर किंवा स्टड तुटलेला, तिथे काळी काजळी दिसतेच, आणि टर्बोच्या आधीच धूर गळला तर टर्बाइनला, म्हणजे धुरावर फिरणाऱ्या पंख्याला, जोर कुठून मिळणार. ॲम्ब्युलन्सच्या सायरनसारखी शिट्टी किंवा धातूचं खरखर आलं तर मात्र गाडी तिथेच बंद करायची, घरापर्यंत नेऊ वगैरे नाही, पंखा घराला घासतोय, आणि तुकडा सुटला तर तो पुढे इंजिनात जाऊ शकतो.

साबणाचं पाणी

गळती शोधायला हजारोंचं मशीन लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाला बसेल अशा मापाचं पीव्हीसी पाइपचं टोपण आणायचं, त्याला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवून घ्यायचा, फिल्टर काढून ते टोपण हवा आत जायच्या तोंडाला क्लिपनं आवळायचं, इंजिन बंद ठेवून अर्धा-पाऊण बार हवा सोडायची आणि स्प्रेच्या बाटलीनं सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारत जायचं. जिथे बुडबुडे तिथे चोर. इंटरकूलरचे (दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी) सिलिकॉन होज, थ्रॉटलचं तोंड, ब्लो ऑफ व्हॉल्व्हची बैठक, टी-जोड, इंजेक्टरच्या रिंगा, या क्रमानं बघा. क्रँककेसला जाणारा पाइप आधी बंद करा नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात शिरते आणि सील किंवा डिपस्टिक बाहेर यायला बघते, आणि सायलेंसरमधून थोडी फुसफुस आली तर घाबरू नका, एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतोच.

एक बारकावा आहे. ज्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर टर्बोच्या आधी आहे तिथे मोजलेली हवा वाटेत पळाली की ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पेट्रोल मात्र पूर्ण हवेचं टाकतो, म्हणून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो. जिथे नुसता दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे तिथे धूर येत नाही, टर्बो बिचारा जास्त फिरून तूट भरून काढत राहतो आणि एक दिवस दमतो. म्हणजे धूर नाही म्हणून गळती नाही असं समजू नये.

तेल, म्हणजे खरा खुनी

निळा धूर म्हणजे तेल जळतंय एवढंच सिद्ध होतं, टर्बो गेला हे नाही. माझ्या ओळखीत एका गाडीला वर्षात दोन टर्बो बदलून झाले होते, तिसरा बसवायच्या आधी कोणीतरी खाली वाकून बघितलं. टर्बोतून तेल सम्पकडे (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) परत नेणारा पाइप लांब पडत होता म्हणून बसवणाऱ्यानं तो मध्ये सोडून दिला होता, त्याला छान पोट आलेलं, बेसिनच्या खालच्या यू-पाइपसारखं. परतीचं तेल पंपानं ढकललं जात नाही, ते नुसतं आपल्या वजनानं खाली पडतं, त्यामुळे त्या पोटात ते साचायचं, टर्बोत तुंबायचं आणि सीलवरून सायलेंसरमध्ये उतरायचं. दोन्ही जुने टर्बो बरे होते! पाइप चार इंच कापला आणि धूर बंद. गॅरेजचं नाव सांगत नाही, चूक कोणाकडूनही होते, पण दुसरा टर्बो विकताना तरी वाकून बघायला हवं होतं.

तर परतीचा पाइप जाड हवा, पाऊण इंचाच्या आसपास, शक्य तितका सरळ खाली जाणारा, आणि सम्पला तो तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला. तेल देणारा पाइप उलट बारीक असतो आणि तो चोंदतो. सगळ्यात चीड आणणारं कारण म्हणजे गॅस्केटला लावलेलं लाल-निळं सिलिकॉन, बोटभर जास्त फासलं की त्याचा शेंबडासारखा धागा सुटून तेलाच्या भोकात अडकतो, आणि नवा टर्बो पन्नास किलोमीटरमध्ये कोरडा फिरून खलास. बॉल बेअरिंगच्या टर्बोला बहुतेक वेळा रेस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह कमी करणारं बारीक भोक) लागतो, तो विसरला तर तेल जास्त होऊन पुन्हा निळा धूर. आणि हे सगळं ठीक असूनही धूर असेल तर क्रँककेसचा श्वास बघा, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी झडप) तुंबला की आतल्या दाबामुळे तेलाला खाली उतरताच येत नाही.

दांडा हातानं हलवून बघतातच सगळे. वर-खाली किंचित हलणं बुशवाल्या टर्बोत नॉर्मल आहे, तेल नसताना तर जास्तच जाणवतं, फक्त पंखा घराला टेकता कामा नये. पण दांडा पुढे-मागे खेळत असेल, बोटाला स्पष्ट कळेल इतका, तर खरंच गेला.

बूस्ट कमी, बूस्ट जास्त

बूस्ट म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला दाब. गेजवर ०.५ बार म्हणजे साधारण ७ पीएसआय, आणि हा वातावरणाच्या दाबाच्या वरचा आकडा. तो ताब्यात ठेवतं वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारं झाकण. झाकण उघडं अडकलं की बूस्ट येत नाही, बंद अडकलं किंवा ॲक्चुएटरचा (झाकण उघडणारी दाबावर चालणारी डबी) बारीक पाइप निसटला की बूस्ट सुसाट वर जातो आणि ईसीयूत फ्युएल कट असेल तर गाडी मागून कोणी ओढल्यासारखा झटका देते. नसेल तर पिस्टन झटका देतो, तो महाग पडतो. हातपंपानं ॲक्चुएटरला दाब देऊन दांडी कितीला हलायला लागते ते बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न करता लोक बूस्ट कंट्रोलर बदलतात. झाकण पूर्ण उघडूनही आरपीएमबरोबर बूस्ट चढतच राहिला तर वेस्टगेटचं भोक लहान पडतंय, मोकळा सायलेंसर घातल्यावर हे हमखास सुरू होतं.

बूस्ट बरोबर आहे पण गाडी अडखळते, तेव्हा टर्बो सोडा आणि प्लग काढा. दाबलेल्या हवेत ठिणगीला उडी मारायला जड जातं, १ मिलीमीटरची गॅप ०.६-०.७ वर आणली की अर्धी अडखळणारी पोरं शांत होतात. नाही झाली तर कॉइल, मग पेट्रोल पंप. पेट्रोलचं आणखी एक: ई१० (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च्या काळात केलेलं ट्यूनिंग ई२० वर फुल थ्रॉटलला साधारण ४ टक्के कोरडं पडतं, म्हणजे इंधन कमी पडतं, कारण तेवढ्याच हवेला इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त लागतं आणि फुल थ्रॉटलला बऱ्याच ईसीयू स्वतःला सुधारत नाहीत. वाइडबँड (धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावून लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) बघा, बूस्टमध्ये ०.८ च्या आसपास हवा, ०.९ च्या वर जात असेल तर पाय काढा आणि ट्यूनरला फोन करा.

गोव्याचं हवापाणी

समुद्राची खारी हवा वेस्टगेटच्या पिनला आणि मॅनिफोल्डच्या स्टडला खाते. सगळ्यात वाईट हाल तारवट्यांच्या गाड्यांचे, मालक सात-आठ महिने बोटीवर, गाडी घराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली, चवथीला किंवा नाताळाला सुट्टीवर येऊन चावी फिरवली की झाकण गंजून बसलेलं, टाकीतलं पेट्रोल जुनं, आणि व्हॅक्यूमचे पाइप उंदरांनी कुरतडलेले. अशी गाडी आली की आधी पाइप मोजायचे, किती उरलेत ते.

साखळी, डिचोली, उसगाव बाजूला खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावरची तांबडी धूळ उघड्या कोन फिल्टरमधून आत गेली की पंख्याच्या पात्यांची धार घासून बोथट होते. त्यावर उपाय म्हणून फिल्टरला तेल थापतात, ते तेल एमएएफ सेन्सरवर बसतं आणि नवीनच आजार सुरू. पावसाळ्यात, आणि इथे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पडतो, बंपरच्या खाली लावलेला फिल्टर साचलेलं पाणी ओढतो, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मिरगाच्या आधी फिल्टर वर घ्या बाबांनो.

उकाडा वेगळाच. ३५ अंशांची हवा ०.७ बारला दाबली की इंटरकूलरच्या आधी तिचं तापमान १०० च्या वर जातं, म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास तापलेला इंटरकूलर ती काय गार करणार, मग नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून ठोके देणं), मग ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि मालक म्हणतो टर्बो गेला. सकाळी गार असताना तीच गाडी नीट पळाली तर उत्तर मिळालं.

आणि चोर्ला. पणजीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल, घाटमाथ्यावर ८०० मीटरच्या आसपास तो ९२ च्या घरात, त्यामुळे साध्या स्प्रिंगच्या वेस्टगेटवर गेजचा आकडा तोच दिसला तरी इंजिनात हवा कमीच जाते. केरीच्या पुढे गाडी मवाळ वाटली म्हणून किट उघडायला घेऊ नये, खाली उतरल्यावर बघावं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या माहितीशी न जुळणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे पुन्हा सांगितलंय, आणि क्लेमच्या वेळी विमावाले बॉनेट उघडतात. लॉग (गाडी पळवून घेतलेली आकड्यांची नोंद) घ्यायला डायनो (गाडी जागेवरच पळवून मोजणारं मशीन) वापरावा, पणजीचा अटल सेतू नव्हे.

खरंच गेला तर

मग नवा बसवताना इंटरकूलर आणि पाइप आतून धुऊन घ्यायचे, जुन्याचे कण आणि तेल तिथेच बसलेलं असतं. तेल देणारा पाइप शक्यतो नवाच, तेल आणि ऑइल फिल्टर नवे, गॅस्केटला सिलिकॉन नाही. टर्बोच्या तेलाच्या भोकात चमचाभर तेल ओतून पंखा हातानं फिरवायचा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून दहा-पंधरा सेकंदांचे दोन-तीन स्टार्टर मारायचे, परतीचा पाइप सुटा ठेवून त्यातून तेल खालच्या डब्यात पडताना डोळ्यांनी बघायचं, आणि मगच पाइप जोडून, फ्यूज लावून चावी फिरवायची.