अतिलवचिक सांधे आणि डोकेदुखी

संयोजी ऊतक (सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या यांना आधार देणारे शरीरातले जोडजाळे) सैल असलेल्या व्यक्तींमध्ये डोकेदुखी वारंवार आढळते. तो एकच एक आजार नव्हे. अर्धशिशी, मानेतून चढणारी कळ, जबड्याच्या सांध्याचे दुखणे आणि मेरुद्रवाची (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची) गळती हे सारे त्यात मोडते, आणि पुष्कळदा एकाच डोक्यात दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात.

अशा विकारांत एहलर्स-डॅनलॉस लक्षणसमूह प्रमुख. 2017च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे 13 प्रकार मानले आहेत. त्यांतला अतिलवचिक प्रकार सर्वाधिक आढळतो. पण त्याची खात्री करून देणारी जनुकीय चाचणी नाही. म्हणून करंगळी 90 अंशांपलीकडे मागे वळते का, अंगठा मागे वाकवून मनगटापलीकडे हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात का, असे पाहून 9पैकी गुण देतात (बायटन गुणांकन) आणि इतर लक्षणांशी त्यांचा मेळ घालतात.

डोके किती दुखते यापेक्षा ते कधी दुखते, हा प्रश्न इथे जास्त उपयोगी पडतो. उठून बसल्यावर वाढणारे आणि आडवे होताच उतरणारे दुखणे असेल, तर मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे आवरण विरून द्रव झिरपत असल्याची शंका घ्यावी. मार्फान लक्षणसमूह या संयोजी ऊतकाच्याच दुसऱ्या विकारातही हे आवरण कमरेपाशी फुगते. मात्र उभे राहिल्यावर 10 मिनिटांत नाडी 30 ठोक्यांनी वाढत असेल आणि रक्तदाब उतरत नसेल, तर कारण रक्ताभिसरणातले असू शकते. उलट, झोपल्यावर वाढणारे दुखणे डोक्यातला दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. हाडांना हाडे जोडणारे अस्थिबंध ढिले असल्याने मान सावरण्याचे काम स्नायूंवर पडते. ते दिवसभर ताठून राहतात आणि संध्याकाळी कवटीच्या बुडाशी ठणका लागतो.

उपचार कारणानुसार ठरतात. गळती असल्यास रुग्णाचेच रक्त कण्यातल्या आवरणाबाहेर टोचून ‘ठिगळ’ लावतात. मानेसाठी ताण देणाऱ्या व्यायामापेक्षा बळ वाढवणारा व्यायाम बरा. कडकन मान मोडून घेण्याचा मोह टाळावा, तेवढ्यापुरते मोकळे वाटले तरी. साधी वेदनाशामके महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते.

रक्तवाहिन्यांना ग्रासणाऱ्या प्रकारात अचानक, क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी धमनी चिरल्याची खूण असू शकते. तिथे वाट न पाहता रुग्णालय गाठावे.